मुंबई ते लंडन : वेळ किती?

आमच्या शाळेतला पृथ्वीचा गोल फार जुना आहे. भूगोलाच्या तासाला मी त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरतो. दोरा सरळ पश्चिमेला जात नाही. इराण, काळा समुद्र असा वायव्येकडे चढत जातो. तीच सर्वांत जवळची वाट. अंतर भरते सुमारे 7,200 किलोमीटर.

यंदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, पण वेळ किती लागतो?" तिचा भाऊ आठवड्यापूर्वीच विमानाने लंडनला गेला होता.

वेळेचे उत्तर द्यायचे म्हणजे इतिहासच सांगावा लागतो. सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला, तरी आगबोटीचा हा प्रवास आठवड्यांनीच मोजावा लागे. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचे विमान मुंबईहून निघाले. स्वातंत्र्याला अजून वर्षही झाले नव्हते! कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते 10 जूनला लंडनला उतरले. 1960 मध्ये जेट विमाने आली आणि दिवसांचे तास झाले. आज न थांबता जायला नऊ-दहा तास लागतात. येताना तासभर कमी, कारण उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे तेव्हा पाठीशी असतात.

"आणि विमान पडत नाही ना?" तिने हळूच विचारले.

काय सांगावे? तेच 'मलबार प्रिन्सेस' 3 नोव्हेंबर 1950 रोजी जिनिव्हाजवळ मों ब्लां पर्वतावर आदळले. विमानातली सर्व 48 माणसे गेली. 24 जानेवारी 1966 रोजी त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे विमान कोसळले, डॉ. होमी भाभांसह 117 जण गेले. पर्वत मागे पडला, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. त्या विमानातली सरकारी टपालाची एक थैली 2012 मध्ये बर्फातून वर आली. काही तासांत पोहोचायचे टपाल 46 वर्षांनी माणसाच्या हाती लागले!

मुलांशी खोटे बोलू नये, म्हणून मी हे सारे सांगितले. पुढे हेही सांगितले, की आज आपण नेमके कोठे आहोत हे वैमानिकाला पडद्यावर दिसते, आणि डोंगर जवळ आला तर यंत्रच ओरडून सावध करते. त्या माणसांच्या मरणातून जग एवढे शिकले.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत आई देवापाशी बसून होती. आम्ही झोप म्हटले, तरी उठली नाही."

मी दोरा गुंडाळून खिशात ठेवला. त्या दिवशी पुढचा धडा काही घेतला नाही.