मांसवर्जन, वारकरी संप्रदायातील
अन्नासाठी प्राणिहत्या करू नये, हा विचार महाराष्ट्रातील शेतकरी वर्गात मुख्यतः वारकरी संप्रदायाने रुजविला. जैन समाजात मांसवर्जन हा कुलाचार आहे. वारकऱ्यांत मात्र तो व्यक्तीने पतकरलेला नेम असतो. तुळशीची माळ घालणारा मद्यमांस सोडतो, एकादशी पाळतो व पंढरीची वारी करतो. साहजिकच, कुलदेवीला बोकडाचा नैवेद्य दाखविणाऱ्या घरातही एखादा माळकरी आढळतो आणि त्याची भांडी वेगळी ठेवली जातात.

देहूपासून जवळ, इंद्रायणीकाठचे चिखली (१९९७ पासून पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत) हे या परंपरेतील गाव होय. तुकारामांच्या वैकुंठगमनसमयी (१६५०) त्यांचे टाळ येथे पडले, या श्रद्धेमुळे त्यास टाळगाव चिखली म्हणतात.

या नेमाचे अधिष्ठान भूतदया की सोवळे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः तोच कळीचा आहे. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा ज्या महार समाजातील, त्याच्याकडे गावची मेलेली गुरे ओढण्याचे काम असे व त्यांचेच मांस त्याच्या वाट्यास येई. या मांसासाठी कोणताही प्राणी मारला जात नव्हता. तरीही ते खाणे अस्पृश्यतेचे समर्थन म्हणून पुढे केले गेले, तर बोकड मारून खाणारा कुणबी स्पृश्यच राहिला. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते अहिंसेच्या नव्हे, तर स्वाभिमानाच्या भूमिकेवरून.