मासे पकडायचे सॉफ्ट प्लास्टिक ल्युअर घरी कसे बनवतात? सुरुवात करण्याआधी या गोष्टी माहीत असायलाच हव्यात

काचेच्या कपात दुधासारखं दिसणारं द्रव. मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं. मग त्यात जांभळा रंग, चिमूटभर चमकी आणि साच्यातून बाहेर येतो लवलवता 'किडा'. गरीने मासे पकडण्याची आवड असेल, तर असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आलेच असतील.

तीस सेकंदांच्या व्हिडिओत हे चहा करण्याइतकं सोपं वाटतं. कृती खरंच अवघड नाही. पण त्या कपातलं द्रव साधारण १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर ते उसळून अंगावर येऊ शकतं. जास्त तापलं तर त्यातून आम्लाची वाफ निघते. हा भाग रीलमध्ये सहसा नसतो.

म्हणूनच हा छंद नेमका काय आहे, त्यासाठी काय लागतं आणि कुठे चुकतं, ते समजून घेऊ.

सॉफ्ट प्लास्टिक ल्युअर म्हणजे काय?

ल्युअर म्हणजे कृत्रिम आमिष. गांडूळ, कोळंबी किंवा छोटा मासा गरीला लावण्याऐवजी त्यासारखी दिसणारी आणि हलणारी वस्तू लावायची. लाकडाचे, धातूचे, कडक प्लास्टिकचे ल्युअर असतात, तसेच हे मऊ प्लास्टिकचे. मऊ असल्यामुळे ते पाण्यात जिवंत असल्यासारखे हलतात. माशाने तोंडात घेतल्यावर ते कडक लागत नाहीत, त्यामुळे मासा लगेच थुंकत नाही आणि ओढायला थोडा जास्त वेळ मिळतो.

याची सुरुवातही एका घरातच झाली. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी स्वयंपाकघरात विनाइल, तेल आणि रंग यांचे प्रयोग करून मऊ गांडूळ बनवलं. पुढे त्यातून 'क्रीम ल्युअर' ही कंपनी उभी राहिली.

आपल्याकडे कोकणात खाडीच्या तोंडाशी जिताडा आणि तांब यांच्यासाठी, तर तळ्यांत आणि धरणांच्या कडेला मरळसाठी ल्युअर वापरले जातात. खडकात, खारफुटीच्या मुळांत किंवा पाणवनस्पतींत गरी अडकली की ल्युअर जातो. आठवड्याला दोन-चार ल्युअर गमावणाऱ्याच्या डोक्यात 'आपणच बनवले तर?' हा विचार येणं साहजिक आहे.

ते दुधासारखं द्रव नेमकं काय असतं?

त्याला प्लास्टिसॉल म्हणतात. यात पीव्हीसीचे अतिशय बारीक कण एका तेलकट द्रवात तरंगत असतात. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. तापवल्यावर पीव्हीसीचे कण हे द्रव शोषून घेतात, फुगतात आणि एकमेकांत मिसळून जातात. थंड झालं की मऊ, रबरासारखं प्लास्टिक तयार होतं. पुन्हा तापवलं की ते पुन्हा वितळतं, म्हणजे फाटलेले ल्युअर परत वापरता येतात.

इथे तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

- घरातली जुनी चप्पल, पाण्याची नळी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा वितळवून ल्युअर बनत नाही. त्यात काय मिसळलंय हे माहीत नसतं. तो नीट वितळण्याआधी जळतो आणि विषारी धूर निघतो.
- टी-शर्ट छपाईच्या शाईलाही 'प्लास्टिसॉल इंक' म्हणतात. ती वेगळी गोष्ट आहे.
- हातमोजे, खेळणी अशा उद्योगांत वापरलं जाणारं प्रत्येक प्लास्टिसॉल ल्युअरइतकं मऊ होत नाही. ल्युअरसाठीचंच मागा.

काही प्लास्टिसॉलमध्ये थॅलेट प्रकारचे प्लास्टिसायझर असतात. आरोग्याच्या कारणाने लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर अनेक देशांत मर्यादा आहेत. थॅलेट नसलेलं प्लास्टिसॉलही मिळतं. विकणाऱ्याकडे 'सेफ्टी डेटा शीट' मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

काय काय लागतं?

- ल्युअरसाठीचं प्लास्टिसॉल. सुरुवातीला कमीत कमी घ्या.
- उष्णता सहन करणारा, ओतायला चोच असलेला काचेचा मोजकप.
- जुना मायक्रोवेव्ह. यात पुन्हा कधीही अन्न गरम करायचं नाही. कप, चमचे, वजनकाटा यांनाही हाच नियम. वर मार्करने लिहून ठेवा, म्हणजे घरात कुणी चुकून वापरणार नाही.
- २०० अंशांपुढे मोजू शकणारा थर्मामीटर.
- प्लास्टिसॉलसाठीचा रंग आणि उष्णतेत न वितळणारी चमकी. रांगोळीतली किंवा क्राफ्टची साधी चमकी अनेकदा वितळते किंवा रंग सोडते.
- साचा.
- सुरक्षेसाठी डोळे पूर्ण झाकणारा गॉगल, उष्णतारोधक हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, फुल पँट, बंद बूट आणि रासायनिक वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क. कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही.

जागा म्हणाल तर स्वयंपाकघर नको. दोन बाजूंनी हवा खेळणारी पडवी, गॅरेज किंवा एक्झॉस्ट फॅन असलेली खोली चालेल. लहान मुलं आणि पाळीव प्राणी आसपास नकोत.

साचा कसा बनवायचा?

बाजारात ॲल्युमिनियमचे आणि सिलिकॉनचे तयार साचे मिळतात. ते टिकतात, पण महाग असतात. पहिला प्रयोग प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या साच्यात करता येतो. नमुन्यासाठी सरळ गांडुळाच्या आकाराचा एक ल्युअर घ्या. पाय, मिशा असलेले आकार नंतर.

१. उथळ डब्याच्या तळाला हा नमुना दुहेरी चिकटपट्टीने चिकटवा. नमुन्याला आणि डब्याला आतून व्हॅसलिनचा पातळ हात द्या.

२. पाण्यात पीओपी टाकत दाट पिठासारखं मिश्रण करा आणि नमुन्यावर हळू ओता. डबा हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे वर येतील.

३. घट्ट झाल्यावर साचा डब्यातून काढून उलटा करा. नमुना मऊ असल्याने अलगद निघतो. मागे राहिलेली खोबण हाच साचा.

४. आता सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणजे वाळवणं. पीओपी हाताला कोरडं लागलं तरी आत पाणी असतं. कडक उन्हात काही दिवस ठेवा आणि रोज वजन करा. वजन कमी होणं थांबलं की साचा वाळला. कोकणातल्या पावसाळ्यात हे जवळपास अशक्य आहे. साचे बनवायचं काम उन्हाळ्यातच उरका.

५. वाळल्यावर आतून पाणी मिसळलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. त्याने खोबण गुळगुळीत होते आणि ल्युअरला चकाकी येते. इपॉक्सीचा लेप जास्त टिकतो.

एखाद्या कंपनीच्या ल्युअरची नक्कल स्वतःपुरती करणं आणि ती विकायला काढणं यात फरक आहे. विक्रीचा विचार असेल तर डिझाइनही स्वतःचं हवं.

प्रत्यक्ष कृती

ढवळा. प्लास्टिसॉलची बाटली आधी नीट हलवा, कारण पीव्हीसीचे कण तळाशी बसतात. मग बुडबुडे बसेपर्यंत थोडा वेळ थांबा.

थोडं घ्या. पहिल्यांदा १०० मिलिलिटर पुरे. कप, चमचा, साचा सगळं ठणठणीत कोरडं आहे ना, ते पुन्हा तपासा.

टप्प्याटप्प्याने तापवा. आधी एक मिनिट, मग ढवळा. पुढे ३० सेकंद, पुन्हा ढवळा. शेवटी १५-२० सेकंदांचे टप्पे. दुधासारखं द्रव आधी श्रीखंडासारखं घट्ट आणि गुठळ्यांचं होतं. इथे बरेच नवशिके बिघडलं समजून घाबरतात किंवा एकदम जास्त वेळ लावतात. दोन्ही नको. ढवळत, थोडं थोडं तापवत राहिलं की ते पातळ होऊ लागतं आणि पाकासारखं पारदर्शक होतं. तापमान साधारण १६५ ते १७५ अंशांच्या दरम्यान हवं. दुरून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या थराचं तापमान दाखवतो, म्हणून आधी ढवळा, मग मोजा.

रंग आणि चमकी. रंग थेंबाथेंबाने टाका, चमकी शेवटी. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला की खरा रंग कळतो.

ओता. शेपटीच्या टोकापासून सुरुवात करा, बारीक आणि सलग धारेने. थंड होताना प्लास्टिक आकसतं आणि मध्ये खळगा पडतो, त्यामुळे काठोकाठ भरा.

थंड होऊ द्या. दहा मिनिटांनी ल्युअर काढा आणि एक दिवस ट्रेमध्ये सरळ ठेवा. गरम असताना वाकडा ठेवला तर तो तसाच राहतो, आणि वाकडा ल्युअर पाण्यात गरगर फिरून दोरीला पीळ पाडतो.

काय चुकतं आणि का?

*ल्युअर धुरकट आणि तुटका झाला:* प्लास्टिसॉल पुरेसं तापलं नव्हतं.

*पिवळट किंवा तपकिरी झाला:* जास्त तापलं. वारंवार वितळवलेल्या मालातही हे होतं. त्यासाठी 'हीट स्टॅबिलायझर' मिळतं.

*आत बुडबुडे आहेत:* ओलावा, नाहीतर घाईघाईत ढवळणं. ओलाव्याची शंका असेल तर तो साचा वापरणं थांबवा.

*फार कडक किंवा फार लिबलिबीत झाला:* सॉफ्टनर आणि हार्डनर मिळतात. पण पहिले एक-दोन घाणे काहीही न मिसळता करा, म्हणजे मूळ माल कसा आहे ते कळेल.

मीठ घालण्याबद्दलही ऐकलं असेल. मिठाने ल्युअर जड होतो आणि वजन न लावताही बुडतो. गॅरी यामामोटो यांच्या कंपनीचा 'सेंको' हा भरपूर मीठ असलेला ल्युअर याच कारणाने गाजला. मात्र मिठाने ल्युअर लवकर फाटतो. घालायचंच तर अगदी बारीक आणि पूर्ण कोरडं मीठ घ्या.

धोका नेमका कुठे आहे?

पहिला, भाजणं. गरम प्लास्टिसॉल तेलासारखं ओघळून जात नाही, ते कातडीला चिकटतं आणि भाजत राहतं. असं झालं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढू नका. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका. डॉक्टरकडे जा.

दुसरा, धूर. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. नाकाडोळ्यांना झोंबणारा वास आला, तर मायक्रोवेव्ह बंद करा, प्लग काढा, दार उघडू नका आणि बाहेर जा. धूर गेल्यावरच परत या.

तिसरा, एकट्याने करणं. कप हातातून सुटला तर मदतीला कुणीतरी हवं.

यात पैसे वाचतात का?

लगेच नाही. मायक्रोवेव्ह, मास्क, साचे, रंग यांचा खर्च धरला तर पहिले काही डझन ल्युअर विकतपेक्षा महाग पडतात. वर्षातून चार वेळा गरी टाकणाऱ्याने विकतच घ्यावेत. दर आठवड्याला जाणाऱ्याला, किंवा दोन-तीन मित्रांनी मिळून सामान घेतलं तर परवडू शकतं. खरा फायदा वेगळा आहे. आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यासाठी गडद रंग, तळ्याच्या नितळ पाण्यासाठी पारदर्शक रंग, हवी तेवढी लांबी, असं सगळं आपल्या मनाप्रमाणे करता येतं.

बनवल्यानंतरची जबाबदारी

ल्युअर वेगवेगळ्या रंगांच्या वेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा, नाहीतर रंग एकमेकांत उतरतात. काही कडक प्लास्टिकचे डबे आणि ल्युअर यांच्या संपर्काने मऊ पडतात, चिकट होतात. ते टाळा.

फाटलेला ल्युअर पाण्यात टाकू नका. तो कुजत नाही. माशाने गिळला तर त्याच्या पोटात अडकून राहू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात याच काळजीतून अशा ल्युअरवर बंदीचं विधेयक आलं होतं. बंदी झाली नाही, पण प्रश्न संपलेला नाही. बनवणाऱ्याकडे यावर सोपा उपाय आहे. फाटलेले तुकडे डब्यात जमवा, धुऊन पूर्ण वाळवा आणि पुढच्या घाण्यात वितळवा. जुन्या तुकड्यांचे सगळे रंग मिसळून बहुतेक वेळा मातकट तपकिरी रंग येतो. गांडुळाला तो शोभतोच.