शेलमधील अंतर्गत आज्ञा व स्वतंत्र आज्ञावली

वापरकर्त्याने दिलेल्या आज्ञांचा अर्थ लावून त्या अंमलात आणणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस शेल (कवच) म्हणतात. काही आज्ञा शेल स्वतःच पार पाडतो. त्या अंतर्गत आज्ञा होत. इतर आज्ञा स्वतंत्र आज्ञावलींच्या रूपात संचिकांमध्ये साठविलेल्या असतात. या भेदाचे मूळ युनिक्स या परिचालन प्रणालीच्या रचनेत आढळते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी १९७० च्या सुमारास पीडीपी–७ संगणकावर युनिक्स विकसित करीत होते. प्रत्येक आज्ञेसाठी नवी प्रक्रिया निर्माण करण्याची पद्धत त्यांनी स्वीकारताच चालू निर्देशिका बदलणारी आज्ञा (आजची ‘सीडी’) निकामी ठरली. नवी प्रक्रिया स्वतःची निर्देशिका बदलून लगेच संपे. तिच्या जनक शेलवर काहीच परिणाम होत नसे. समजा, मुंबईतील एखाद्या कार्यालयाच्या संगणकावर ‘गिरगाव’ व ‘लालबाग’ अशा दोन निर्देशिका आहेत. शेल ‘गिरगाव’मध्ये असताना नवी प्रक्रिया ‘लालबाग’मध्ये गेली, तरी ती संपल्यावर वापरकर्ता ‘गिरगाव’मध्येच राहील. म्हणून ही आज्ञा शेलमध्येच समाविष्ट करावी लागली.

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर (१९७९) स्टीफन बोर्न यांचा शेल प्रसृत झाला. त्यातील ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रॅप’ इ. आज्ञा शेलची स्वतःची स्थिती बदलत असल्याने अंतर्गतच होत्या. ‘एको’, ‘टेस्ट’ यांसारख्या स्वतंत्र आज्ञावली मात्र पुढे वेगासाठी शेलमध्ये घेण्यात आल्या. निरनिराळ्या शेलांतील अशा फरकांमुळे एकच आज्ञासंहिता दोन संगणकांवर भिन्न रीतीने चालण्याचा धोका निर्माण झाला.

यावर उपाय म्हणून पॉझिक्स मानकाच्या शेलविषयक भागात (१९९२) आज्ञांचे वर्तन निश्चित करण्यात आले. त्यानुसार ‘इव्हॅल’, ‘एक्झेक’, ‘सेट’ इ. विशेष अंतर्गत आज्ञांचा स्वतंत्र वर्ग मानला जातो. २०२४ च्या आवृत्तीत त्यांची संख्या १५ आहे. त्यांच्या वाक्यरचनेतील दोषामुळे शेलचे कार्य थांबू शकते, तसेच त्यांच्याबरोबर चलांना दिलेली मूल्ये नंतरही टिकतात. ‘सीडी’ या वर्गात मोडत नाही. अन्य आज्ञा शेलच्या आत ठेवावी की बाहेर, हे बव्हंशी निर्मात्यावर सोपविलेले असून तिचे विहित वर्तन मात्र दोन्ही स्थितींत सारखेच असावे लागते. २०२४ मध्ये ‘सीडी’, ‘रीड’, ‘वेट’ इ. आज्ञा, संचिकांचा शोध न घेता शेलने थेट पार पाडावयाच्या आज्ञा म्हणून वेगळ्या नोंदविण्यात आल्या.