एका पिनवर चार रॉड
पिस्टन वरखाली होतो. ती चाल क्रँकशाफ्टच्या फिरण्यात उतरवतो कनेक्टिंग रॉड. बिचारा दर फेऱ्याला दाबला जातो आणि ताणलाही जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मँचेस्टर बॉम्बरच्या वैमानिकांच्या हेच जिवावर बेतले. त्याच्या रोल्स-रॉईस व्हल्चर इंजिनात २४ सिलिंडर, फुलीसारखे मांडलेले; म्हणजे क्रँकच्या एकेका पिनवर चार-चार रॉड! कागदावर झकास. हवेत मात्र वंगण अपुरे पडे, रॉडच्या मोठ्या टोकाचे बोल्ट तुटत. विमानाला इंजिने दोनच. एक गेले की भरल्या विमानाने उंची राखणे कठीण. १९४२ मध्ये मँचेस्टर मोहिमांतून काढले गेले. त्याआधीच, जानेवारी १९४१ मध्ये, रॉय चॅडविक यांनी आखलेली चार मर्लिन इंजिनांची सुधारित आवृत्ती उडाली होती. तेच लँकेस्टर.