कार्डवर उघडणारं दार आणि किल्ल्यांचा हिशोब ठेवणारं कपाट: ही यंत्रणा चालते कशी?

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि विजेच्या सामानाची बाजारपेठ. सीसीटीव्ही कॅमेरे, वायरची बंडलं आणि अडॅप्टर यांच्या जोडीला अंगठ्याची हजेरी मशीनं, प्लास्टिकची कार्डं आणि दाराला लावायची चुंबकी कुलपं हाही आता अशा बाजारातला नेहमीचा माल झाला आहे. या सगळ्याला मिळून 'अॅक्सेस कंट्रोल' म्हणतात.

रचना साधी आहे. दाराबाहेर रीडर असतो, तो कार्डाचा नंबर वाचतो. हा नंबर चालणारा आहे की नाही, हे कंट्रोलर ठरवतो आणि कुलपाचा वीजपुरवठा क्षणभर तोडतो. चुंबकी कुलूप 12 व्होल्टवर चालतं आणि त्याचं नेहमीचं माप 600 पौंड असतं, म्हणजे सुमारे 270 किलोच्या ओढीला ते दाद देत नाही. स्वस्त संचात रीडर आणि कंट्रोलर एकाच डबीत असतात आणि ती डबी दाराबाहेर बसवलेली असते. मग स्क्रू काढून आतल्या वायरी जोडता आल्या, की कार्डाची गरजच उरत नाही. म्हणून कंट्रोलर आतल्या बाजूला हवा.

कार्डाकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. सर्वांत स्वस्त कार्डं 125 किलोहर्ट्झवर चालतात. विचारणाऱ्या कुठल्याही रीडरला ती आपला नंबर सांगून टाकतात, त्यामुळे त्यांची नक्कल काही सेकंदांत होते. अनेकदा तो नंबर कार्डावर छापलेलाही असतो. 13.56 मेगाहर्ट्झची कार्डं बरी, पण सगळी नाहीत. त्यांतल्या 'मायफेअर क्लासिक' या लोकप्रिय प्रकाराची सांकेतिक पद्धत नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2008 मध्येच फोडून दाखवली होती.

अंगठ्याची नक्कल कठीण असते. पण कार्ड हरवलं तर बदलता येतं, बोट बदलता येत नाही. मशीन सहसा ठशाचं चित्र न साठवता त्यावरून काढलेला सांकेतिक नमुना साठवतं. तरीही ही वैयक्तिक माहितीच आहे. ती कोणाकडे आणि किती दिवस राहणार, हे विचारणं कर्मचाऱ्याच्या हिताचं आहे.

खरा गंभीर प्रश्न बाहेर पडण्याचा आहे. 30 डिसेंबर 2016 रोजी पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागून आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. दाराला बाहेरून कुलूप होतं. 9 मे 2019 रोजी उरुळी देवाची इथल्या साड्यांच्या दुकानातही पाच कामगारांचा असाच अंत झाला. विजेवरच्या कुलपालाही हेच लागू पडतं. वीज गेली की चुंबकी कुलूप सुटतं, असं विक्रेते सांगतात आणि ते खरंही आहे. पण बहुतेक ठिकाणी त्याला बॅटरीचा आधार दिलेला असतो. त्यामुळे मेन स्विच बंद केला तरी दार बंदच राहतं. आतलं बाहेर पडायचं बटणही अनेकदा कंट्रोलरमार्फत जोडलेलं असतं, म्हणजे कंट्रोलर अडकला तर बटणही निकामी. म्हणून दाराजवळ आणीबाणीची हिरवी डबी लागते. ती कंट्रोलरला न विचारता थेट कुलपाचा पुरवठा तोडते. आगीच्या अलार्मची जोडणीही तिथेच द्यावी लागते. खर्च वाचवताना नेमकी हीच डबी गाळली जाते.

सगळीच दारं कार्डाची होत नाहीत. गाड्या, गोदामं, विजेच्या खोल्या यांच्या किल्ल्या उरतातच. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांकडच्या दोन किल्ल्यांनी उघडते, ती शिस्त जुनी आहे. इतर ठिकाणी मात्र खिळ्यांची फळी आणि एक वही एवढंच असतं, आणि वहीत परत केल्याची वेळ क्वचितच लिहिलेली असते. इलेक्ट्रॉनिक किल्ली-कपाटात प्रत्येक किल्ली सीलबंद कडीने एका चिपला जोडलेली असते. कर्मचाऱ्याने पिन किंवा कार्ड दिलं, की त्याला परवानगी असलेल्याच किल्ल्या सुटतात. कोणी, कधी नेली याची नोंद होते. ठरल्या वेळेत किल्ली परत आली नाही, तर सूचना जाते. किल्ली बाहेर गेल्यावर तिची नक्कल केली, तर मात्र कपाटाला ते कळत नाही.

नोकरी सोडणाऱ्याचं कार्ड त्याच दिवशी बंद करणं, हे काम यंत्र स्वतःहून करत नाही. ते कोणाच्या तरी नावावर लिहून द्यावं लागतं. कपाट बंद पडलं तर उघडायला बहुधा एक साधी लोखंडी किल्लीही मिळते. ती सीलबंद पाकिटात, कपाटापासून लांब, जबाबदार माणसाकडे ठेवतात.