माबुझेची लेखिका आणि बेळगावचे तेंडुलकर

गेले तीन वीकेंड मी शंभर वर्षांपूर्वीचे जर्मन मूकपट बघतोय, तेही फक्त गुन्हेगारीवरचे. ऑफिसमध्ये सांगितलं तर एकजण म्हणाला, "आवाज नाही, रंग नाही, आणि एकेक पिक्चर साडेचार तासांचा? झोप नाही येत?" येते की! जुगाराच्या अड्ड्यावरचे एकदोन प्रसंग मी सरळ पुढे पळवलेत. पण बाकीचं बघताना खडबडून जागं व्हायला होतं. असं का होतं याचा शोध घेता घेता मी बर्लिनहून थेट बेळगावला पोचलो. तीच गोष्ट सांगायचीय.

सुरुवात 'डॉक्टर माबुझे, जुगारी' पासून. साल १९२२. एप्रिलमध्ये पहिला भाग आला, मे मध्ये दुसरा. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. पटकथा थेआ फॉन हार्बू या बाईंची, नॉर्बर्ट जॅक यांच्या कादंबरीवरून. पहिल्या भागाच्या नावाला एक शेपूट आहे, त्याचा अर्थ होतो 'आपल्या काळाचं चित्र'. आणि काळ कसा होता? महायुद्ध हरून चार वर्षं झालेली, मार्क रोज घसरतोय. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९२३ मध्ये, एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. म्हणजे पिक्चर आला तेव्हा अजून तळ यायचा होता!

पहिली पंधरा मिनिटं तर कुणीही बघावीत. माबुझे हातात पत्ते पिसतोय. पत्त्यांवर राजा-राणी नाहीत, त्याच्याच वेगवेगळ्या वेषांतले फोटो आहेत. त्यातला एक निवडायचा आणि त्या दिवसापुरतं तो माणूस व्हायचं. तिकडे धावत्या रेल्वेत त्याचा माणूस एका व्यापारी कराराची बॅग पळवतो, आणि गाडी पुलावर आली की खिडकीतून खाली टाकतो. नेमक्या त्याच सेकंदाला पुलाखालून एक मोटार जातेय, बॅग तिच्यात पडते. तारेच्या खांबावर चढून बसलेला तिसरा माणूस फोनवरून कळवतो, काम झालं. माबुझे हातातल्या घड्याळाकडे बघत बसलेला. सगळं सेकंदाच्या हिशोबात.

आता इथे नेहमीच्या पिक्चरमध्ये काय झालं असतं? कराराचा कागद कुणाला तरी विकला असता, खंडणी मागितली असती. माबुझेला तो कागद नकोच आहे. त्याला हवीय ती 'करार चोरीला गेला' ही बातमी. बातमी फुटते, शेअर बाजार कोसळतो, वेष बदलून बाजारात उभा असलेला माबुझे पडेल भावात सगळं विकत घेतो. मग दुसरी बातमी येते : करार सापडला, सीलसुद्धा तुटलेलं नाही. भाव वर, माबुझे विकून मोकळा. बाजार रिकामा होतो, जमिनीवर कागदांचा खच, आणि त्या रिकाम्या हॉलवर हळूहळू त्याचा चेहरा उमटतो.

मी हा सीन चार वेळा मागे घेऊन बघितला. दरोडा कसला, माहिती कुणाला कधी कळावी यावरचा ताबा आहे हा. आमच्या धंद्यात सिक्युरिटीच्या ट्रेनिंगला पहिल्या दिवशी जे सांगतात ते हेच, की कुलूप तोडायला जाऊ नका, कुलपाच्या मालकालाच ते उघडायला लावता येतं. १९२२ मध्ये कॉम्प्युटर नव्हता, पण रेल्वेचं टाइमटेबल होतं, टेलिफोन होता, सकाळ-संध्याकाळचे पेपर होते, बाजार होता. माबुझेने तेवढ्यावर भागवलं.

एका रविवारी सापगावला घरी हाच भाग लावला होता. मूकपटाचा एक फायदा असा की भाषेची अडचण नाही, मधल्या पाट्या मी तोंडाने सांगत होतो. आजी थोडा वेळ बघून म्हणाली, "हा तर बहुरूपी रे!" मला एवढा नेमका शब्द सुचला नव्हता. तुमच्यापैकी गावाकडच्या लोकांना आठवत असेल, सुगीनंतर बहुरूपी यायचे, त्यातला एखादा पोलिसाच्या वेषात. दारात उभा राहून शिट्टी वाजवायचा, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणायचा, घरातल्यांना दम द्यायचा. सगळे हसायचे आणि सुपातून धान्य द्यायचे. त्यातली गंमत अशी की त्याला आणि आपल्याला, दोघांनाही माहीत असायचं की हा पोलीस नाही.

यावर मी बराच वेळ गप्प बसलो. कारण थोड्याच दिवसांपूर्वी ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉल आला होता. पलीकडे खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, फोन बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.' (अशी अटक आपल्या कायद्यात कुठेच नाही, पण समोर वर्दी दिसली की कायदा कुणाला आठवतो?) मास्तर तीन तास खुर्चीवरून हलले नाहीत. सूनबाई बाजारातून परत आल्या म्हणून पैसे वाचले. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना कान पकडून उभं केलं, तो माणूस पाणी प्यायलासुद्धा त्या कॉलवाल्याची परवानगी मागत होता.

माबुझेच्या दुसऱ्या भागात तो नाट्यगृहात संमोहनाचे खेळ करणारा कलाकार बनून येतो. अख्ख्या प्रेक्षागृहाला वाळवंट दिसायला लागतं, उंटांचा तांडा रंगमंचावरून थेट लोकांमध्ये चालत येतो. मग तो सरकारी वकील फॉन वेंकला बोलावतो, त्याच्या डोक्यात एक हुकूम घालतो, आणि वेंक शांतपणे बाहेर जाऊन मोटारीत बसतो व खाणीच्या कड्याकडे सुसाट निघतो. त्याला पकडायला निघालेला माणूस! पूर्वी हा सीन मला अतिशयोक्त वाटला असता. मास्तरांचा किस्सा कळल्यापासून वाटत नाही.

तर मग प्रश्न पडला की हे सगळं कुणाला सुचलं? लांगचं नाव सगळे घेतात. पण 'माबुझे', 'मेट्रोपोलिस' (१९२७), 'हेर' (१९२८), आणि बोलपट आल्यावरचा 'एम' (१९३१), या सगळ्यांच्या लेखनात थेआ आहे. १९२२ मध्येच तिने लांगशी लग्न केलं. आणि पडद्यावर माबुझे झालेला रुडॉल्फ क्लाइन-रोगे हा तिचा आधीचा नवरा! म्हणजे आधीच्या नवऱ्याला राक्षस करायचं आणि पुढच्या नवऱ्याकडून त्याचं शूटिंग करून घ्यायचं. असो.

'हेर'मध्येही तोच क्लाइन-रोगे आहे. यावेळी तो बँकेचा प्रतिष्ठित मालक, चाकांच्या खुर्चीत बसलेला, आणि त्याच बँकेतून हेरांचं जाळं चालवणारा. शेवटी तो विदूषकाच्या वेषात रंगमंचावर स्वतःवर गोळी झाडतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात, त्यांना तो खेळाचाच भाग वाटतो. मला तर हा माबुझेपेक्षाही भारी वाटला.

इथवर सगळं कौतुकाचं. पुढचं वाचताना मात्र मला त्रास झाला. लांग आणि थेआने मिळून १९३३ साठी 'डॉक्टर माबुझेचं मृत्युपत्र' केला. बोलपट. वेड्यांच्या इस्पितळात बसलेला माबुझे गुन्हेगारी राज्याची योजना कागदांवर लिहीत सुटलाय, आणि टोळीतले लोक पडद्याआडून येणाऱ्या आवाजाचे हुकूम पाळतायत. पडदा फाडल्यावर आत दिसतं काय? एक लाउडस्पीकर आणि माणसाच्या आकाराचा कापलेला पुठ्ठा. हिटलर जानेवारीत सत्तेवर आला होता, गोबेल्सने मार्चमध्ये पिक्चरवर बंदी घातली.

लांग देश सोडून गेला. तो नंतर सांगायचा की गोबेल्सने बोलावून मोठं पद देऊ केलं आणि मी त्याच संध्याकाळी गाडी पकडली. गोष्ट झकास आहे, पण त्याच्या पासपोर्टवर त्यानंतरही काही महिने ये-जा केल्याचे शिक्के आहेत. लॉग फाइल खोटं बोलत नाही :)

थेआ राहिली. नुसती राहिली नाही, नाझी पक्षाची सभासद झाली, त्या राजवटीत पिक्चर लिहीत राहिली. पुठ्ठ्यामागचा आवाज ओळखायला जर्मनीत जिने शिकवलं असतं, तिने तो स्वतः ओळखला नाही, की ओळखून चालवून घेतला?

आणि इथेच आपला माणूस येतो. अयी गणपत तेंडुलकर, बेळगावकडचे, शिक्षणासाठी जर्मनीत गेलेले, तिकडे पत्रकारिता करणारे. (महात्माजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिणारे ते डी. जी. तेंडुलकर वेगळे. माझाही आधी गोंधळ झाला.) लांग-थेआचा संसार मोडकळीला आला होता, १९३३ मध्ये घटस्फोट झाला. तेंडुलकर वयाने तिच्याहून बरेच लहान. नाझी जर्मनीत एका प्रसिद्ध जर्मन बाईने हिंदी माणसाशी उघड लग्न करणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांनी गुपचूप केलं. पक्षात का गेलीस यावर थेआने नंतर दिलेलं कारण असं, की नवऱ्यासारख्या जर्मनीतल्या हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून. मला हे कारण पूर्ण पटत नाही. हिंदी विद्यार्थ्यांना मदत करायला एवढी वर्षं राजवटीचे पिक्चर लिहावे लागत नाहीत. पण पूर्ण खोटंही वाटत नाही. माणूस एकाच वेळी घरात एक आणि दारात एक असू शकतो, आणि पत्ते पिसून वेष निवडणाऱ्याची गोष्ट लिहिणाऱ्या बाईला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

तेंडुलकर पुढे भारतात परतले. १९४५ मध्ये गांधीजींच्या आशीर्वादाने सेवाग्रामला त्यांचं इंदुमती गुणाजी यांच्याशी लग्न झालं. त्यांची मुलगी लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी या तिघांवर 'इन द शॅडो ऑफ फ्रीडम' हे इंग्रजी पुस्तक लिहिलंय. मराठीत या विषयावर एक जाडजूड कादंबरी का नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

थेआला युद्धानंतर ब्रिटिशांनी काही काळ नजरकैदेत ठेवलं. १९५४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तिने लिहिलेला १९२१ चा एक मूकपट दाखवला, तिला सन्मानाने बोलावलं होतं. थिएटरमधून बाहेर पडताना ती पडली आणि काही दिवसांत, १ जुलैला, वारली. लांग त्यानंतर जर्मनीत परतला आणि १९५९ मध्ये त्याने कुठला पिक्चर करावा? थेआच्याच जुन्या कादंबरीवरचा 'हिंदुस्थानी मकबरा', उदयपूरला शूटिंग करून. त्याचा शेवटचा पिक्चर १९६० चा, पुन्हा माबुझेच. त्यात एक हॉटेल आहे, खोल्याखोल्यांत चोरून लावलेले कॅमेरे, आणि कुणीतरी एका जागी बसून सगळं बघतोय.

नवीन बघणाऱ्यांनी एकदम साडेचार तासांत उडी घेऊ नये. आधी 'हेर' बघा, तो अडीच तासांत आटपतो. मग 'माबुझे'चा पहिला भाग, निदान शेअर बाजारापर्यंत.