मुलींना सांगावे की न सांगावे?

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

सातवीत असतानाच मला प्रथम 'कावळा शिवला'. काही मोठा आजार जडला, आता आपण वाचत नाही, असे वाटून मी रडत बसले. आईने जुन्या पातळाची घडी हाती दिली आणि "कुणाजवळ बोलू नको" एवढेच सांगितले. तिला तरी बोल कसा लावावा? तिच्या आईनेही तिला तेवढेच सांगितले होते. पुढे माझी शाळाही सुटली.

परंतु हे मौन मोडणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वीच होऊन गेली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मुंबईस विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. वरचेवरच्या बाळंतपणांनी स्त्रिया खंगतात, हे जाणून त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी तसेच केंद्र काढले होते. या कार्यापायी रघुनाथरावांची नोकरी गेली. पण पत्नी मालतीबाईंची साथ सुटली नाही. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यात वाचकांच्या शंकांना ते उघड उत्तरे देत. म्हणून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, मासिक मात्र १९५३ साली रघुनाथरावांचे निधन होईपर्यंत चालले.

मौनाची किंमत किती, हे पुढे गडचिरोली जिल्ह्यात दिसले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातील ९२ जणींना स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी तपासून घेतलेल्या शंभरात आठही नव्हत्या. लाजेने त्या दुखणे अंगावर काढीत होत्या.

२०१४ साली सरकारने दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. पण सरकार घरात येऊन सांगणार नाही. माझ्या लेकीला मी दहाव्या वर्षीच जवळ बसवून सारे सांगितले. आरंभी जीभ अडखळली. तिने मात्र शांतपणे ऐकले व विचारले, "आई, तुला कोणी सांगितलं होतं?"

मला उत्तर देता आले नाही. भगिनींनो, येत्या वर्षी मंडळाने देवपुरातील मुलींसाठी नर्सबाईंना बोलवावे, आणि आपण आयांनीही मुलींशेजारी बसून ऐकावे, एवढीच विनंती.